उकळलेलं ताक

एका गावात बयाजी नावाचा एक गवळी राहत होता. साऱ्या गावाला ताक त्याच्याच घरचं लागायचं. त्याला एकुलती एक लेक होती, चिमी. तिच्यावर त्याचा भारी जीव.

एकदा चिमी तापाने फणफणली. वैद्यबुवांनी जालीम काढे दिले. ताप उतरला, पण पोटाची पार दैना झाली. साधी पेजसुद्धा पचेना. पोर वाळून काडी झाली, भाकरी दिसली की तोंड फिरवायची.

वैद्यबुवा म्हणाले, "बयाजी, काढ्याने ताप गेला, पण पोटातल्या चांगल्या जिवांची वस्तीही उठली. ती पुन्हा बसवायला हवी. रोज थोडं ताजं ताक पाज. आणि घाई करू नकोस, बाबा."

आता गवळ्याच्या घरी ताकाला काय तोटा! पण बयाजीच्या मनात भीती बसली होती. पाणी बाधून ताप आला असं कुणीसं बोललं, तेव्हापासून लेकीच्या ओठांना लागणारी प्रत्येक गोष्ट तो उकळून घ्यायचा. दूध उकळायचा, पाणी उकळायचा आणि ताकही चुलीवर ठेवायचा. ताक फुटायचं, चोथा एकीकडे नि पाणी एकीकडे. ते गाळून तो लेकीला पाजायचा. चिमी बिचारी मुकाट्याने प्यायची. गुण काही येईना.

बयाजी वैतागला. "त्या वैद्यबुवांना काही कळत नाही," म्हणाला.

त्याची बायको गोदा चुलीपाशी आली. "अहो, ताक कशाला उकळताय?"

"कच्चं काही मी तिच्या पोटात जाऊ देणार नाही. जपतोय तिला."

"आणि दूध जरा जास्त गरम असताना मी विरजण घातलं, की घर डोक्यावर कोण घेतं? विरजण मेलं, विरजण मेलं म्हणून?"

बयाजी ताक ढवळत राहिला. गोदा पुढे म्हणाली,

"मग लेकीला मेलेलं ताक का पाजता?"

"अगं, दही लागणं वेगळं नि पोरीचं पोट वेगळं!" तो चिडून म्हणाला. पण मनात शंका शिरलीच. त्याने दोन वाट्यांत कोमट दूध घेतलं. एकीत ताज्या ताकाचं विरजण लावलं, दुसरीत उकळलेल्या ताकाचं.

सकाळी पहिल्या वाटीत घट्ट दही. वाटी तिरकी केली तरी हलेना. दुसरीत दूध तसंच पातळ. बयाजीने दोन्ही वाट्या गोदापुढे नेऊन ठेवल्या. त्याचे डोळे भरून आले.

"माझ्या जपण्यानेच पोर खंगली गं," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने नुकतंच घुसळलेलं ताक आणलं. पातळ केलं, चिमूटभर मीठ घातलं. आधी स्वतः घोटभर प्यायला, मग लेकीला पाजलं. दुसऱ्या दिवशी काही फरक दिसला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भीतीने त्याचा हात पुन्हा चुलीकडे जायचा. तो हात मागे घ्यायचा. दूध आणि पाणी उकळणं त्याने सोडलं नाही, ताक तेवढं विस्तवापासून लांब ठेवलं.

हळूहळू पेज पचू लागली. मग मऊ भात पचला. चिमीच्या गालांवर रंग आला.

एका दुपारी बयाजी जेवायला बसला होता. चिमी भिंतीला धरून धरून आली आणि त्याच्या मांडीवर बसली. ताटात डोकावून म्हणाली, "आबा, एकटेच जेवताय? मला भाकरी द्या की. भूक लागलीय."

बयाजीला हसायचं होतं, पण रडूच फुटलं. त्याने घास मोडला आणि लेकीला भरवला. स्वतः जेवायचं मात्र त्याला भानच राहिलं नाही.

तात्पर्य: पोटाला बळ देणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांनाही जगू द्यावं लागतं. माणसाला जपावं जरूर. पण भीतीपोटी इतकं जपू नये, की त्याला तारणारंच मरून जाईल.