इगीची तिसरी तार

"पण इगी घ्यायचा तरी काय, बुवा? तेवढं सांगा, लगेच निघतो."

शंकरगिरी बुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निषाद कारखानीसचं डोकं तापलं. पुण्याहून गिटार पाठीला मारून हा पठ्ठ्या एवढा डोंगर चढून आला, आणि म्हातारा शेंगा सोलतोय! वसईचा इगी तुस्कानो याच मठात मेला होता. ज्याच्या गिटारनं एका जमान्यातली पोरं पार वेडी केली, तोच इगी. नशेच्या गोळ्या खाऊन त्यानं आभाळातनं सूर उतरवले, असं त्याचे भक्त सांगत. निषादला इगी व्हायचं होतं. दुसरं काही नको.

"मुंबई-गोव्यात मिळेल ते घेऊन पाहिलं," तो म्हणाला. "त्याच्यासारखी तिसरी तार सैल सोडतो. आम्ही सगळेच सोडतो. तरी तो सूर लागत नाही. त्याची गोळीच वेगळी असणार."

"सैल… मुद्दाम सोडता?"

"इगीचा शोध आहे तो!"

आता मात्र बुवांनी सूप बाजूला ढकललं.

"शोध? अरे मूर्खा, त्याला तार लावता येईना! गोळ्यांनी कान गेले होते त्याचे. रोज सकाळी मी लावून द्यायचो, आणि हा लहान पोरासारखा रडायचा. अंथरुणात घाण करायचा, ती कोण धुवत होतं? तुम्ही? आई भेटायला आली, तर तिला म्हणाला, कोण तुम्ही बाई?… आणि तुम्ही त्याचं तोंड बनियनवर छापून हिंडता. लाज कशी वाटत नाही रे!"

"खोटं! साफ खोटं!" निषाद ओरडला. "भजनाची वीणा लावता येते म्हणून इगी कळला, असं समजू नका!"

"आण ती गिटार."

बुवांनी गिटार घेऊन पाठ फिरवली. तिसरी तार ताणून चोख सुरात आणली. मग पहिली एवढी उतरवली, की ती छेडताच समोरच्या मंडपात भजनाला जमलेल्यांनी तोंडं वाकडी केली.

"घे. वाजव. कुठली उतरलीय, सांग."

निषादनं सहाही तारा छेडल्या. डोळे मिटून पुन्हा छेडल्या. मंडपात कुणीतरी फिसकन हसलं.

"तिसरी," तो ठणकावून म्हणाला. "बाकीच्या चोख."

हसणाऱ्यानं मान खाली घातली.

"पुन्हा ऐक."

"तिसरीच! किती वेळा सांगू?"

एक म्हातारी तोंडाला पदर लावून त्याच्याकडे बघत होती. तिच्या नजरेतली कीव निषादला दिसली, आणि तो आणखीच भडकला.

"काय बघताय सगळे? चुकलो का मी? बोला की!"

बुवांचे डोळे भरले होते, पण दात अजून आवळलेलेच होते.

"शाब्बास," ते म्हणाले. "झालास इगी."