आठ महिने आणि एक गिरमिट

“बासष्टची घेऊ का सहासष्टची, एवढंच सांगा मास्तर.”

उन्मेषने हे तिसऱ्यांदा विचारलं. बावतीस मास्तर ओटीवर उकिडवे बसून दोन्ही पेट्यांत वाकून बघत होते, बारशाला गेलेला माणूस पाळण्यात बघतो तसे.

दोन पेट्यांत दोन बेस गिटारी. दोन्ही कोऱ्या करकरीत आणि दोन्ही म्हाताऱ्या. म्हणजे असं, की एक बासष्ट सालच्या नमुन्याची, दुसरी सहासष्टच्या, आणि दोन्ही हुबेहूब तशाच आज पुन्हा बनवलेल्या. लाकूड तेच, रंग तोच, स्क्रूसुद्धा त्याच जातीचे. हौसेला मोल नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मास्तर वसईकडच्या भुईगावचे. उभा जन्म लग्नांत, ऑर्केस्ट्रात आणि चर्चमध्ये बेस वाजवण्यात गेला. उन्मेष राजाध्यक्ष त्यांच्याकडे सहा वर्षं शिकला होता. हात चांगला होता त्याचा, नाही म्हणायचं कारण नाही. पण बोलायला बसला की हाताला सुट्टी.

आताही त्याचं सगळं सांगून झालं होतं. बासष्टची मान जाड, पण सूर गोल. सहासष्टची मान हाताला बरी, पण सूर जरा कोरडा. कुणी काय लिहिलंय, कुणी काय म्हटलंय, सगळं एका वहीत उतरवलेलं आणि तोंडपाठ. आठ महिने हाच घोळ चालला होता. जुनी गिटार त्याने पहिल्याच महिन्यात विकून टाकली आणि तेव्हापासून तालमीला उसनी गिटार घेऊन जायचा. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याचं दुसरं काय होणार?

शेवटी उन्मेषच्या बँडची गायिका मृण्मयी परवा बोलली. रविवारी कार्यक्रम आहे, स्वतःची गिटार घेऊन आलास तर तू, नाहीतर आम्ही दुसऱ्याला विचारून ठेवलंय. ती चिडून बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली, आणि उन्मेषची झोप उडाली.

म्हणून तो आज आला होता. दुकानदाराने ओळखीखातर दोन्ही गिटारी दिल्या होत्या, एका अटीवर. उद्या सकाळी एक परत यायला हवी. जिच्यावर ओरखडा दिसेल ती तुमची.

“चुकीची घेतली ना मास्तर, तर मला जन्मभर खात राहील,” उन्मेष म्हणाला. हे मात्र तो अगदी मनापासून बोलला.

 मास्तरांनी बासष्टची अलगद उचलली, पालथी करून पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला. मग तारांच्या खालच्या अंगाला बसवलेल्या एका छोट्या लाकडी पट्टीवर त्यांचं बोट थांबलं. बोटभर लांबीची पट्टी, दोन स्क्रूंवर.

“ही कशाला?”

उन्मेष खुलला. त्याच्या आवडीचा विषय निघाला होता. त्याने सांगितलं, की त्या काळी बनवणाऱ्यांना वाटायचं लोक बेस अंगठ्याने छेडतील. म्हणून बाकीची बोटं धरायला खाली ही पट्टी. खऱ्या जुन्या नमुन्याची खूणच ती. दोन्हींवर अगदी जागच्या जागी आहे, त्याने स्वतः मोजून पाहिलंय.

“तू अंगठ्याने छेडतोस?”

“नाही. दोन बोटांनी.”

“वाजव.”

उन्मेषने वाजवलं. बोटं धावत होती आणि अंगठा बिचारा वरच्या अंगाला टेकायला जागा शोधत होता. तारांवरच्या चकचकीत धातूच्या झाकणावर टेकला की घसरायचा. खालच्या पट्टीला एकदासुद्धा हात लागला नाही...

मास्तर उठले. घरातून स्वतःची गिटार घेऊन आले आणि या दोघींशेजारी ठेवली. ती खरोखरच त्या काळातली, कुणाची नक्कल नव्हे. तिच्यावर पट्टी वरच्या अंगाला होती, अंगठ्याखाली. खाली, जिथे कारखान्याने बसवली होती, तिथे दोन भोकं मेणाने बुजवलेली.

ती भोकं उन्मेषने सहा वर्षं पाहिली होती. मास्तरांनी चांगल्या वस्तूची वाट लावली, असं त्याला दर वेळी वाटायचं. कुणी जाणकार ही गिटार घ्यायला आला असता तर भोकं बघून माघारी फिरला असता, असं त्याने एकदा मित्राला सांगितलंही होतं.

आज तो नव्या दोघींकडे बघत होता, मग जुनीकडे, मग परत नव्यांकडे.

“म्हणजे यांनी नक्कल केली ती...” तो बोलता बोलता थांबला.

“कारखान्यातून निघाली त्या दिवसाची,” मास्तर म्हणाले.

मग ते मागच्या पडवीत गेले. हत्यारांची खुडबुड ऐकू आली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात सुताराचं बारीक गिरमिट होतं. ते त्यांनी उन्मेषच्या तळहातावर ठेवलं.

“पाड भोक.”

उन्मेषच्या तोंडचं पाणी पळालं. “मास्तर, सकाळी परत द्यायचीय...”

“कुठली?”

 एकदा भोक पडलं की ती गिटार उन्मेषची. मग ना वही, ना तुलना, ना कुणाला विचारणं. गिरमिट काही जड नव्हतं, तरी त्याचा हात भरून आला.

 मास्तर खांबाला टेकून बसले आणि केळीच्या बागेकडे बघत राहिले. सूर्य झाडांच्या मागे उतरू लागला होता.

बऱ्याच वेळाने उन्मेषने सहासष्टची मांडीवर घेतली. का तीच, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला सांगावंसंही वाटलं नाही. त्याने डोळे मिटून दोन बोटं तारांवर ठेवली, अंगठा सैल सोडला. तो जिथे टेकला तिथे पेन्सिलीने ठिपका केला. गिरमिटाचं टोक ठिपक्यावर ठेवलं.

आणि हात थांबला.

“मास्तर... चुकीच्या जागी पडलं तर?”

मास्तरांनी मावळतीकडे पाहिलं.

“पहिलं चुकीच्याच जागी पडणार आहे. आटप लवकर, म्हणजे दुसऱ्याला उजेड पुरेल.”