टिकलीचा चकचकीत साकव

एक होती उंदरी. एवढीशी! सुपारीएवढी. कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून तिचं नाव टिकली.

बागेत होता पाट. पाटात पाणी, खळखळ खळखळ. पाटावर होती एक लाकडी पट्टी. तोच टिकलीचा साकव. साकव म्हणजे छोटासा पूल.

सकाळी टिकली साकवावरून अलीकडे आली. तुरु तुरु तुरु. एक शेंगदाणा खाल्ला. कुट्टुम कुट्टुम. परत निघाली, तर काय झालं?

कट्! साकव मोडला. गेला वाहून.

वाळवीनं तो आतून खाल्ला होता. कुणी बघितलंच नव्हतं!

पलीकडून आई म्हणाली, "टिकले, पाण्यात उतरू नकोस हं. मी इथंच आहे. नवा साकव शोध. पण लाकडाचा नको."

टिकली निघाली. तुरु तुरु तुरु. समोर इंदूआत्याची पडवी. पडवीत टेबल. टेबलावर होती ॲल्युमिनियमची प्लेट. पातळ पत्रा नव्हे हं! बोटाएवढी जाड प्लेट.

"प्लेटबाई, प्लेटबाई!
आई पलीकडे, मी अलीकडे.
तू होशील का साकव?"

प्लेट म्हणाली, "मी केवढी मोठी! केवढी जड! करवतीनं कापल्याशिवाय मी साकव होणार नाही."

टिकली गेली करवतीकडे. तुरु तुरु तुरु. विजेची करवत खुंटीला लटकत होती.

"करवतताई, करवतताई!
प्लेट होईना साकव,
आई पलीकडे, मी अलीकडे.
तू कापशील का?"

करवत म्हणाली, "ॲल्युमिनियम फार चिकट गं! माझ्या दातांत अडकतं. मेण लागल्याशिवाय मी कापणार नाही."

टिकली गेली कोनाड्यात. तुरु तुरु तुरु. तिथं होता मेणबत्तीचा तुकडा. दिवे गेले होते तेव्हाचा.

"मेणमावशी, मेणमावशी!
करवत कापेना,
प्लेट होईना साकव,
आई पलीकडे, मी अलीकडे.
तू लागशील का दातांना?"

मेण म्हणालं, "प्लेट हलते, डगडग डगडग. करवत उसळेल. मी फुकट जाईन. शिकंज्यानं प्लेट धरल्याशिवाय मी लागणार नाही."

टिकली गेली शिकंज्याकडे. तुरु तुरु तुरु. शिकंजा म्हणजे लोखंडाचा हात. धरलं की सोडत नाही!

"शिकंजेदादा, शिकंजेदादा!
मेण लागेना,
करवत कापेना,
प्लेट होईना साकव,
आई पलीकडे, मी अलीकडे.
तू धरशील का?"

शिकंजा म्हणाला, "धरीन की! पण आत्यानं माझा स्क्रू पिळल्याशिवाय मी धरणार नाही."

टिकली गेली इंदूआत्याकडे. तुरु तुरु तुरु. आत्या कपाटामागे वाकून बघत होती. भिकूकाका सुपाऱ्या सोलत होते.

"इंदूआत्या, इंदूआत्या!
शिकंजा धरेना,
मेण लागेना,
करवत कापेना,
प्लेट होईना साकव,
आई पलीकडे, मी अलीकडे.
तू पिळशील का?"

आत्या म्हणाली, "पिळते गं राणी! मलाही पाण्याच्या पंपाखाली प्लेट कापून घालायचीय. पट्टी उरेल ती तुझी. पण माझा कामाचा चष्मा पडलाय कपाटामागे. चष्मा निघाल्याशिवाय मी पिळणार नाही."

भिकूकाका म्हणाले, "अगं, एका मिनिटाचं काम! डोळे बारीक कर, झालं!"

आत्या म्हणाली, "मला डोळे दोनच आहेत. कपची उडाली तर तिसरा तुम्ही देणार का?"

काका पुन्हा सुपारी सोलू लागले.

टिकली गेली कपाटाजवळ. तुरु तुरु तुरु. मागे फट. फटीत चष्मा.

"चष्मेराव, चष्मेराव!
आत्या पिळेना,
शिकंजा धरेना,
मेण लागेना,
करवत कापेना,
प्लेट होईना साकव,
आई पलीकडे, मी अलीकडे.
तुम्ही निघाल का?"

चष्मा म्हणाला, "मला पाय आहेत का? कुणी ओढल्याशिवाय मी निघणार नाही."

आत्यानं हात घातला. हात जाईना. काकांनी काठी घातली. चष्मा गेला आणखी आत!

"वा! फारच मदत केलीत," आत्या म्हणाली.

टिकली खाली बसली. आता कुणाकडे जायचं?

"चष्मा निघेना,
आत्या पिळेना,
शिकंजा धरेना,
मेण लागेना,
करवत कापेना,
प्लेट होईना साकव,
आई पलीकडे, मी अलीकडे!"

मग तिनं फटीकडे बघितलं. फट एवढीशी. टिकलीही एवढीशी!

टिकली उठली. म्हणाली, "सगळे म्हणतात, आधी तो! आधी ती! मग आधी मीच!"

शिरली फटीत. सुळ्ळकन! चष्म्याचा पट्टा दातांत धरला. ओढला. हुं... हुं... हुश्श! बाहेर आली टिकली. नाकावर धूळ. मागे चष्मा!

"शाब्बास गं सुपारे!" काका म्हणाले.

चष्मा निघाला,
आत्यानं पिळलं,
शिकंज्यानं धरलं,
मेण लागलं,
आणि करवत म्हणाली, घर्रर्रर्र!

पण हळू हळू. घर्रर्र... थांब. पुन्हा मेण. घस घस घस. घर्रर्र... थांब. पुन्हा मेण. घस घस घस. चंदेरी कीस पडू लागला. खोबऱ्याच्या किसासारखा.

दाराबाहेरून टिकली ओरडली, "आत्या, लवकर ना!"

आत्या म्हणाली, "घाई केली की दात अडकतात. लांबच बस."

घर्रर्र... घर्रर्र... टण्ण! पट्टी पडली.

टिकली धावली. "हं हं! शिवू नकोस. गरम आहे!" आत्या म्हणाली. टिकली थांबली. एक शेंगदाणा खाईपर्यंत थांबली. कुट्टुम कुट्टुम.

मग आत्यानं कानस घेतली. पट्टीच्या कडा घासल्या. खर्र खर्र खर्र. "नाहीतर तुझे पाय कापतील, राणी."

आत्यानं पट्टी पाटावर ठेवली. काकांनी दोन्ही टोकांना दगड ठेवले. प्लेट झाली साकव!

टिकलीनं एक पाय ठेवला. टिक. दुसरा पाय ठेवला. टिक. मग टिक टिक टिक टिक, थेट आईच्या कुशीत!

"दमलीस का गं?" आईनं तिच्या नाकावरची धूळ पुसली.

"नाही," टिकली म्हणाली. "आई, आता तू पलीकडे नाहीस. मी अलीकडे नाही. दोघी इकडेच!"

दुसऱ्या दिवशी वाळवी आली. साकवाला चावली. टक्! "शी! याला तर चवच नाही," म्हणाली आणि गेली.

पाट वाहतो खळखळ, साकव चमकतो लखलख. टिकली गेली टिक टिक टिक, तिच्यामागून गोष्टही पलीकडे गेली.