ढवळीची जागा

मेंढ्यांच्या घंटांनी डोंगर जागा व्हायचा, त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. वरच्या रानात, एका उंचवट्यावर, सिदू धनगराच्या चुलीचे तीन दगड तेवढे उरले होते.

एका दुपारी काही माणसं फिरायला आली आणि त्यांनी खाली ओढ्याकाठच्या हिरव्यागार सपाटीवर नवाकोरा तंबू ठोकला.

"तिथे नको रे बाबा," थोरला दगड वरून ओरडला. "आमचा सिदू स्वतः कधी जागा ठरवत नसे. म्हाताऱ्या ढवळीला मोकळी सोडायचा. ती मेंढी जिथे बसेल, तिथे मुक्काम. त्या सपाटीवर ती एकदाही बसली नाही."

"मेंढीला काय कळतंय!" तंबू हसला. "इथून ओढा किती छान दिसतो."

संध्याकाळी वरच्या कड्यावर पाऊस कोसळला. सपाटीवर थेंबही पडला नाही, पण ओढा फुगून सरळ तंबूत शिरला. माणसांनी तंबू कसाबसा ओढत उंचवट्यावर आणला आणि त्याच तीन दगडांत जाळ केला. कितीतरी वर्षांनी दगड तापले.

निथळत्या तंबूने हळूच विचारलं, "ढवळी नेमकी कुठे बसायची?"

"तू बसलायस तिथेच," दगड म्हणाला. "जरा सरकून बस. तिची यायची वेळ हीच."