बुवांच्या ताटातलं लिंबू

सोनगिरीच्या थोरल्या राणीची नथ नाहीशी झाली आणि चोर शोधायला भैरवबुवा पुढे सरसावले. राजवाड्यातल्या सगळ्यांना त्यांनी तळहाताला हळद फासायला लावली. म्हणाले, "माझं तीर्थ पडलं की चोराचा हात लाल होईल!"

एकेकाच्या हातावर तीर्थ पडलं, हात पिवळेच राहिले. धाकटी राणी गुणवंती पुढे आली, तेव्हा बुवांनी हळूच दुसरा कमंडलू उचलला. तिचा हात लालभडक झाला.

"हीच चोर! आजच माहेरी धाडा हिला!" बुवा गरजले. राजाने मान खाली घातली.

गुणवंतीने मात्र बुवांच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू कापलं आणि अर्धं हातावर पिळलं. लाली गेली, हात पुन्हा पिवळा!

"महाराज, तुमचा विडा रोज मीच लावते. हळदीच्या बोटांना चुना लागला की ती लाल होतात आणि आंबटाने पुन्हा पिवळी. या कमंडलूत चुन्याची निवळी आहे."

"खोटं! तीर्थच आहे ते!"

"मग तुम्हीही घ्या की!"

बुवांनी हात मागे घेतला. पण राजाने तो धरून हळद फासली आणि त्याच कमंडलूतलं पाणी वर ओतलं. हात लाल! शिपायांनी झोळी उपडी केली, तर नथ खाली पडली. थोरलीने धाकटीला मिठीच मारली.

मिठीतून हात बाहेर काढत गुणवंती म्हणाली, "हे उरलेलं अर्धं घ्या, बुवा. तुमच्यासाठीच राखून ठेवलं होतं."