पंगतीनंतरचा पहारा

आंबेसावळीच्या मारुतीच्या देवळात उद्धवगिरी महाराजांचा मुक्काम होता, त्या चैत्रातली ही गोष्ट. भाविकहो, नीट कान देऊन ऐका, कारण हिच्यात तुमची-आमची सगळ्यांचीच चोरी पकडली जाते!

त्या साली गुरांवर रोग आला होता. दावणी ओस पडत चालल्या, तेव्हा गावाने सप्ताहाचा नवस बोलला. सात दिवस नाम चालायचं, वीणा एका हातातून दुसऱ्या हातात जायची, पण भुईला टेकायची नाही. टेकली की नवस मोडला, आणि मग गुरांची आशाच नको.

पहारे महाराजांनी वाटून दिले. दुपारचा, पंगत उठल्यावरचा पहारा सुभानजीकडे आला. सुभानजी वाखाचे दोरखंड वळून पोट भरणारा गरीब माणूस. आवाज अगदी फाटका. त्यात घटकाभर नाम झालं की हा मधेच थांबायचा. तार छेडणं चालूच, पण डाव्या हाताने कान धरायचा, "चुकलो देवा" म्हणायचा आणि पुन्हा "राम कृष्ण हरी" सुरू करायचा. लोक तोंडाला पदर-उपरणं लावून हसत.

सगळ्यांत जास्त हसत ते जिवाजीपंत. पंतांचा गळा गोड, पाठांतर दांडगं, नाम घ्यायला लागून पंचवीस वर्षं झालेली. "आमचं नाम झोपेतसुद्धा चालतं," असं ते चारचौघांत सांगत. पण त्यांना एक गोष्ट काही केल्या उलगडेना. हा बाबा चुकतो तरी कुठे? शब्द तर तीनच! पाच दिवस पंत खांबाआड उभे राहून लक्ष देऊन ऐकत होते. एकही चूक सापडली नाही. सहाव्या दिवशी पहारा सुरू होताना त्यांना राहवलं नाही.

"काय रे सुभानजी, तीन शब्दांत चुकतोस तरी काय?"

"शबूद न्हाई चुकत, पंत. तोंड नाम घेतं आन् मन घरी वाखाच्या ढिगाकडं पळतं. ध्यानात आलं की कान धरतो."

पंत खो खो हसले. "अरे, मन जायचंच! म्हणून काय दर घटकेला अडायचं? दे ती वीणा. तुझ्यापायी सप्ताह बुडायचा."

सुभानजीने केविलवाणं होऊन महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "द्या त्यांना. पण पंत, तुमचं नाम झोपेत चालतं म्हणता, मग जागेपणी ते कोण घेतं?"

हा कसला प्रश्न? पंतांना गंमत वाटली. त्यांनी वीणा घेतली. पट्टा मानेला टोचतो म्हणून गळ्यात अडकवलाच नाही, वीणा नुसती खांद्याशी धरली.

पोटात पुरणपोळी, बाहेर ऊन रणरणतंय. पंतांचा सूर काय लागला होता, वा! टाळकरीसुद्धा डुलू लागले. पंतांचे डोळे मिटले, मन मात्र सप्ताह संपतो त्या काल्याच्या दिवसाकडे निघालं. हार आधी कोण घालील? पागोटं कोणतं बांधावं? जरीचं की साधं? जरीचंच!

"पंत! वीणा!"

सुभानजीच्या किंकाळीने त्यांचे डोळे उघडले. हात रिकामे होते. ओठ मात्र "राम कृष्ण हरी" म्हणतच होते! आणि वीणा? भुईपासून चार बोटं वर, कुणाचाही हात नसताना अधांतरी थांबली होती, आणि तार वाजत होती! पायरीवरून झेपावलेला सुभानजी दोन हात अलीकडेच पालथा पडला होता. तो तसाच सरपटत पुढे आला आणि वीणेखाली त्याने तळवे धरले. तेव्हा कुठे तिचं वजन त्याच्या हातांवर आलं. धन्य ती माउली! नवस टिकला, गाव वाचला.

महाराज रागावले नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "पंत, मन केव्हा गेलं?"

"पागोट्याचा विचार..." पंत थांबले. त्याच्या आधी? काल? परवा? ते एकेक दिवस मागे आठवत गेले. "महाराज, आज गेलं की पंचवीस वर्षांपूर्वीच गेलं, तेही सांगता येईना!"

"सुभानजीचं मन दिवसातून शंभरदा पळतं आणि शंभरदा तो त्याला धरून आणतो. जेवणावर डोळा लागायचा हा दुपारचा पहारा म्हणूनच त्याच्याकडे दिला होता."

सुभानजी वीणा गळ्यात घालून उभा राहिला, तोच पंतांनी साऱ्या गावादेखत त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. सुभानजी कानकोंडा झाला. "अवो पंत, उठा! गळ्यात वीणा हाय, मला वाकता येईना!"

"वाकू नकोस," पंत रडत म्हणाले, "तू नाम घे. मी इथं बसून ऐकतो."