डाव्या ओट्यावरचा प्रश्न

फार पूर्वी डोंगरापलीकडे एक शाळा होती. मोडलेली हाडं बसवायची विद्या तिथे शिकवत. दर वर्षी तीनशे मुलंमुली दारात उभी राहत आणि त्यातली बाराच आत जात. बाकीचे घरी परतत आणि आपली जागा कशी थोडक्यात हुकली ते जन्मभर सांगत बसत.

शाळेच्या दाराशी दोन ओटे होते. पाठशाळा संपवून थेट आलेल्यांनी उजव्या ओट्यावर बसायचं. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल, तर डाव्या. डावीकडच्यांना एक प्रश्न जास्त असे: "मधलं वर्ष कुठे आहे? दाखव." त्या डाव्या ओट्याची लोकांनी अशी धास्ती घेतली होती, की तापाने फणफणलेलं पोरही डोलीत घालून आणत, पण उजवीकडेच बसवत.

डोंगराच्या अलीकडच्या गावात एका विणकराची मुलगी होती. शाळेत जायचं हे तिने लहानपणीच ठरवलं होतं. हाडांची दोनशे नावं तिला तोंडपाठ होती.

त्याच गावात एक म्हातारी हाडं बसवायची. सगळे तिला थोरली आई म्हणत. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून बसवलेल्या प्रत्येक हाडामागे ती अंबाडीच्या दोरीला एक गाठ मारी. जे हाड वाकडं बसलं, त्याच्या गाठीत एक लाल चिंधी अडकवी. उन्हाळ्यात ही म्हातारी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. शाळेला निघायचा दिवस आला, तरी तिच्या बोटांत जोर आला नव्हता.

मुलीने बांधलेलं गाठोडं सोडलं. "बाबा, मी यंदा जात नाही. थोरल्या आईला सगळं ठाऊक आहे, पण हात चालत नाहीत. माझे चालतात."

विणकराने तिचे कपडे परत दांडीवर टाकले. पाठशाळेचे पंतोजी मात्र तावातावाने आले. "अगं, वेड लागलंय का तुला? डाव्या ओट्यावरून कोणी आत गेलेलं ऐकलंयस कधी?"

"पंतोजी, तुम्ही बघितलाय तो ओटा?"

"मी कशाला बघू? सगळेच म्हणतात."

"मग मीच बघून येते. पुढच्या वर्षी."

त्या वर्षी गावातला आणखी एकजण थांबला. पाटलाचा मुलगा. तोही हुशार होता, पण पाटलाला घाई नव्हती. "वर्षभर थांब," पाटील म्हणाला. "नऊ शहरांतल्या नऊ नामांकित वैद्यांची पत्रं आण. मग बघू कोण नाही म्हणतं!" मुलगा घोड्यावर बसून निघाला.

इकडे मुलगी मोडक्या हाडाला आधार द्यायला बांबूच्या कांबट्या तासू लागली. म्हातारी सांगे, मुलगी करी. कोणाचं बोट, कोणाचा खांदा, झाडावरून पडलेल्या कोणाचा हात. तिने आपली वेगळी दोरी केली आणि तिला गाठी मारू लागली. काम करता करता हाडांची नावं घोकायला बसे, पण कोणी कण्हत दारात आलं की घोकणं तिथेच राही.

दिवाळीनंतर गवंडी भिंतीवरून पडला. मुलीने घाईघाईने त्याचा पाय बांधला. दोन महिन्यांनी तो उठला, तेव्हा एक पाय बोटभर आखूड होता.

मुलीने दोरी कोपऱ्यात फेकली आणि खूप रडली. "मला नाही जमणार. पंतोजी खरं म्हणत होते, वर्ष वाया गेलं. माणसाचा पायही वाया घालवला मी."

म्हातारीने आपली दोरी तिच्यासमोर ठेवली. तिच्यात नऊ लाल चिंध्या होत्या. "तुझी दहावी समज," ती म्हणाली. "पण ती तूच बांधायची. आणि उद्या सकाळी दार उघडायचं."

मुलीने चिंधी बांधली. सकाळी दारही उघडलं.

वर्ष सरलं. दोघंही डाव्या ओट्यावर जाऊन बसले. आधी हाडांची नावं विचारली. पाटलाच्या मुलाने एका दमात सगळी म्हणून दाखवली. मुलगी मनगटाशी अडखळली. तिथल्या आठ हाडांतली पाचच आठवली.

"नावं विसरले, गुरुजी. कुठलं कुठे असतं ते दाखवते."

"विचारली ती नावं," शाळेचे मोठे गुरुजी म्हणाले आणि त्यांनी गुण कापले. वर्ष मध्ये गेल्याचा हा तोटा झालाच, तो कोणी भरून दिला नाही.

मग तो प्रश्न आला. पाटलाच्या मुलाने नऊ पत्रं मांडली. गुरुजींनी एक उचललं. "यांच्याकडे काय शिकलास?"

"त्यांना फार काम असतं, गुरुजी. दोनच दिवस राहिलो."

"आणि यांच्याकडे?" गुरुजींनी दुसरं उचललं.

"तिथे एक दिवस."

"तुझ्या गावात हाडं बसवणारं कोणी नाही का?"

"आहे की, एक म्हातारी. पण तिला लिहायला येत नाही. ती कसलं पत्र देणार?"

गुरुजींनी पत्रं गोळा करून परत दिली. "ही वैद्यांची झाली, बाळा. तुझं वर्ष कुठे आहे?"

मुलाने पत्रं पिशवीत भरली.

मुलीने दोरी पुढे केली. तिच्यात त्रेचाळीस गाठी होत्या. गुरुजींचा हात सरकत सरकत लाल चिंधीवर थांबला. "हे काय?"

ती म्हणाली, "ही गवंड्याच्या पायाची. मी वाकडा बसवला. तो रोज सकाळी आमच्या दारावरून लंगडत जातो."

"आज तोच पाय आला तर?"

"आधी धड पाय मोजेन. मग मोडक्याला हात लावेन."

संध्याकाळी नावं वाचली. अकरा झाली तरी तिचं आलं नाही. बारावं तिचं होतं.

पाटलाच्या मुलाने धीर करून विचारलं, "गुरुजी, मी डावीकडे बसलो म्हणून राहिलो का?"

"तिकडे बसल्याचे गुण आम्ही कापत नाही आणि वाढवतही नाही. पुढच्या वर्षी ये. ओटा तोच असेल, प्रश्नही तोच."

मुलगा बाहेर घोड्यापाशी मान खाली घालून उभा राहिला. मुलगी धावत आली आणि आपली दोरी तिने त्याच्या हातात दिली. "हिला अजून बरीच जागा आहे. थोरली आई एकटी पडलीय. जातोस?"

"मला साधी पट्टी बांधता येत नाही."

"मला तरी कुठे येत होती? आधी गवंड्याला भेट. काय करू नये ते तो सांगेल."

मुलगा घोड्यावरून उतरला तो थेट म्हातारीच्या दारात. तिने त्याचे हात उलटसुलट करून पाहिले. "मऊ आहेत," ती म्हणाली. "होतील कामाचे."

पुढच्या वर्षी तो पुन्हा डाव्या ओट्यावर बसला. पत्रं घरीच होती. "मधलं वर्ष कुठे आहे?" असं विचारताच त्याने दोरी पुढे केली. मुलीच्या शेवटच्या गाठीपुढे एकतीस नव्या गाठी होत्या आणि दोन लाल चिंध्या.

गुरुजींनी आधी चिंध्यांचं विचारलं. या वेळी त्याच्याकडे उत्तर होतं.

तात्पर्य: एक वर्ष उशिरा आल्याने दार बंद होत नाही. पण त्या वर्षाचा जाब आपणच द्यायचा असतो, तो दुसऱ्याकडून लिहून आणता येत नाही.